बाटलीचं बूच अडकलं की: अ‍ॅनिमल हाऊसच्या 'चावी'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या फोनवर वर्षभर एकाच चालीचे निरोप येतात. उंदरांच्या पाण्याच्या बाटलीचा फोटो आणि खाली, "काका, हे निघत नाही." बडोद्यातल्या एका औषध कंपनीच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, मी बावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी वॉशिंग एरियात. आता मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) एका लेथवाल्या मित्राच्या शेडमध्ये या बाटल्यांच्या चाव्या करून घेतो. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं पुन्हा पुन्हा टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो आहे.

१. ही 'चावी' म्हणजे नेमकं काय? कुलपाची तर नसणार!

नाही. पिंजऱ्यावर उलटी लावतात त्या पाण्याच्या बाटलीचं बूच काढायचं हे हातातलं अवजार. आमच्याकडे सगळे त्याला चावीच म्हणतात. बुचं तीन तऱ्हेची असतात आणि चावी त्याप्रमाणे बदलते. स्टीलचं दाबून बसवायचं बूच असतं, आत सिलिकॉनचं वायसर. त्याला कडेखाली अडकणारा आकडा लागतो, म्हणजे ते उचकटायचं असतं. आट्यांचं प्लास्टिकचं बूच फिरवायचं असतं, त्याला बुचाभोवती बसणारी कडी किंवा पट्टा लागतो. तिसरं रबरी बूच, त्याचं वेगळं प्रकरण प्रश्न १६ मध्ये आहे. निम्म्या तक्रारी अशा की दाबायचं बूच लोक फिरवत बसतात. ते जागच्या जागी गोल गोल फिरतं, आणि माणूस म्हणतो, "आटे गेले वाटतं."

२. घरात पकड आहे, पाईप पाना आहे. वेगळी चावी कशाला?

पकडीचे दात बुचाच्या कडेवर बसतात आणि कड एका जागी आत दबते. डोळ्याला दिसणारही नाही इतकी. वायसरला मात्र ती कळते. तिथून हवा आत शिरते आणि बाटली रात्रभर पिंजऱ्यात रिकामी होते. शिवाय दातांनी पडलेल्या ओरखड्यांत बुळबुळीत थर धरतो आणि तो ब्रशने निघत नाही.

दातांनी उघडणारेही मी पाहिलेत, स्वतःचे दात. त्या बुचावर उंदराचं मूत असतं. त्यातल्या प्रथिनांमुळेच या कामातल्या लोकांना शिंका, दमा असे त्रास सुरू होतात, आणि उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो होतो हे पावसाळ्यात पेपरात येतंच. तेव्हा तोंड लांब.

३. मुळात बूच अडकतंच का? काल तर सहज लागलं होतं.

चार कारणं आहेत, आणि कोणतं ते ओळखलं तर चावी लागतेच असं नाही.

पहिलं, उष्णता. पॉलिकार्बोनेट, म्हणजे बाटलीचं प्लास्टिक, तापल्यावर स्टीलच्या जवळजवळ चौपट फुगतं. बाटल्या धुण्याच्या यंत्रातून किंवा ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) बाटली गरम बाहेर आली की आतली प्लास्टिकची मान फुगलेली आणि तिच्याभोवती स्टीलचं बूच तेवढंच. ते आवळून बसतं. अशा वेळी जोर लावू नका, वीस मिनिटं थांबा. मे महिन्यात आमच्या वॉशिंग एरियात 'थंड झाली' असं म्हणायला फार काही नसायचं, तरी पंख्याखाली ठेवलं की फरक पडायचा.

दुसरं, क्षार. बोअरच्या पाण्यातला चुना सुकला की वायसर आणि मान यांच्यामध्ये सिमेंटसारखा बसतो. आजवा तलावाच्या किंवा मही नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या जागी हा त्रास कमी. शहराबाहेर, जिथे बोअरशिवाय इलाज नाही, तिथून मला सगळ्यात जास्त फोटो येतात. उपाय प्रश्न ८ मध्ये.

तिसरं, माणूस. गळती होऊ नये म्हणून शेवटचा एक जोराचा पीळ देणारा प्रत्येक शिफ्टमध्ये एक असतोच. त्याला चावी देऊ नका. (प्रश्न ११ पाहा.)

चौथं, व्हॅक्यूम. बूच घट्ट लावून ऑटोक्लेव्ह केलं, १२१ अंशांना वाफेने आतली हवा हाकलली, मग थंड होताना वाफेचं पाणी झालं आणि आत पोकळी उरली. बाटलीचं तोंड ४ सेंमी व्यासाचं धरा. क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंमी. आतला दाब अर्ध्यावर आला तरी बाहेरची हवा बुचावर साडेसहा किलोचं ओझं ठेवून बसते. म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये बूच नेहमी सैल ठेवायचं आणि गार झाल्यावर बसवायचं.

४. पण बुचाला नॉझल (पाणी प्यायची नळी) असतं, नॉझलला भोक असतं. मग व्हॅक्यूम होईलच कसा?

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका नव्या मुलीने विचारला, कामाला लागून आठवडाही झाला नव्हता. उत्तर असं की भोक मोकळं असेल तर होत नाही. हवा नॉझलमधून आत जाते आणि दाब सारखा होतो. म्हणजेच नॉझलच्या बुचाची बाटली उघडताना 'फुस्स' असा आवाज आला, तर भोक बंद होतं.

आता विचार करा, ही बाटली तशीच पिंजऱ्यावर लागली असती तर? बाहेरून भरलेली दिसते, पाणी आत हलतं, नोंदवहीत बरोबरची खूण होते आणि उंदीर कोरडी नळी चाटत राहतो. उंदीर दिवसाला साधारण ५ मिलि पाणी पितो. ते बंद झालं की खाणंही सोडतो आणि दोन दिवसांत पाठ वाकवून, केस फुलवून कोपऱ्यात बसतो. तेव्हा 'फुस्स' आवाजाची बाटली उघडली म्हणून खूश होऊ नका. ती बाजूला काढा, नळीत बारीक तार किंवा ब्रश घाला, पाणी भरून उलटी करा आणि टोकाला बोट लावून थेंब येतो का पाहा.

नुसत्या बंद बुचाच्या, म्हणजे साठवणीच्या बाटल्यांना हा नियम लागू नाही. तिथे 'फुस्स' अपेक्षितच आहे.

५. चावी लावायची बरोबर पद्धत कोणती?

बाटली उभी, टेबलावर, तळाखाली रबराचा तुकडा. डाव्या हाताने बाटली मानेजवळ नाही, पोटाजवळ धरायची. दाबायच्या बुचाला आकडा कडेखाली घाला, दांडा खाली दाबा आणि थोडंसंच उचला. एकाच जागी पूर्ण उचकटायचं नाही. बाटली पाव फेरा फिरवा, पुन्हा थोडं उचला. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते आपणहून सुटतं. डब्याचं पत्र्याचं झाकण चमच्याने काढताना आपण हेच करतो.

आट्यांच्या बुचाला कडी पूर्ण खाली बसवा, तिरकी नको. पहिला झटका उलट दिशेला, म्हणजे घट्ट करायच्या बाजूला, अगदी केसभर. क्षाराची पकड तिथेच तुटते. मग सोडवायच्या दिशेला सावकाश.

नॉझल हातात धरून जोर लावायचा नाही, कधीच नाही. ती वाकते आणि मुळाशी गळायला लागते.

६. लोणच्याच्या बरणीसारखं बुचावर गरम पाणी ओतलं तर?

चालतं, पण दहा-पंधरा सेकंदच. स्टील लगेच तापतं आणि फुगतं, प्लास्टिकला उष्णता पोचायला वेळ लागतो. तेवढ्या फटीत बूच काढायचं. अर्धा मिनिट धरलंत की मानही तापते, आणि मग तिचं फुगणं स्टीलपेक्षा जास्त, म्हणजे आधीपेक्षा घट्ट. 'गरम पाण्याने आणखीच बसलं' असं सांगणारे सगळे बादलीत बुडवून ठेवणारे असतात. बूच आणि बाटली दोन्ही प्लास्टिकची असतील तर ही युक्ती सोडून द्या.

७. आट्यांना थोडं तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारला तर?

नको. ते पाणी जनावर पिणार आहे. औषधाच्या चाचणीत यकृताच्या आकड्यांत फरक आला तर तो औषधाचा की तुमच्या स्प्रेचा, हे कोण सांगणार? वायसर साध्या स्वच्छ पाण्याने ओलं करून बसवा. तेवढं वंगण पुरतं.

८. बुचाच्या आत पांढरा थर आहे. घासून जात नाही.

लिंबाची फुलं आणा. म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, आपल्याकडे फरसाणवाले वापरतात तेच. लिटरला २० ग्रॅम, अर्धा तास भिजत, मग भरपूर पाण्याने दोनदा धुवा. थर चहावरच्या सायीसारखा सुटून येतो. तारेच्या घासणीने घासू नका, पुढच्या वेळी क्षार त्या ओरखड्यांतच आधी बसेल. महिन्यातून एकदा केलंत तर चावीची गरज निम्म्यावर येते, हे मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध सांगतो आहे.

९. चावी विकत घ्यावी की करून घ्यावी? कारागिराला काय सांगायचं?

पिंजरे-बाटल्या विकणाऱ्यांकडे त्यांच्या बुचांच्या चाव्या मिळतात. सगळ्या बाटल्या एकाच बनावटीच्या असतील तर तीच घ्या. आपल्याकडे तसं क्वचित असतं. दर खरेदीला बनावट बदलते आणि रॅकवर तीन पिढ्या एकत्र नांदतात.

करून घ्यायची तर एक बूच घेऊन जाऊ नका, दहा घेऊन जा. व्हर्नियरने बाहेरचा व्यास मोजा, सगळ्यात मोठ्या मापावर एक मिलिमीटर सूट द्या. एकाच बुचावर केलेली चावी माझ्या पहिल्या खेपेत होती. चाळीस नग, त्यातले निम्म्या बुचांवर बसेचनात. मित्र म्हणाला, "तू माप आणलंस ते बूच आधीच चेपलेलं होतं." खरं होतं. ते चाळीस नग अजून शेडमध्ये खिळ्याला लटकतात.

पत्रा ३०४ नंबरचा स्टील, ३ मिमी जाड. पाणी आम्लयुक्त असेल (जंतू वाढू नयेत म्हणून २.५ ते ३ पीएचवर आणतात) तर ३१६ घ्या, कारण आम्लासाठी बहुधा हायड्रोक्लोरिक वापरतात आणि त्यातल्या क्लोराइडने ३०४ला बारीक खड्डे पडतात. सगळ्या कडांची धार मारायला सांगा. बोट फिरवून कुठे नखाला अडकतं का, हे तिथेच उभं राहून पाहा. टांगायला भोक ठेवा. लाकडी मूठ नको, ती पाणी पिते. पीव्हीसीचं कव्हरही नको, ऑटोक्लेव्हमध्ये मऊ पडतं.

१०. दांडा लांब केला तर काम सोपं होईल ना?

होईल, आणि बाटल्याही फुटतील. बूच साडेपाच सेंमीचं असेल तर त्रिज्या पावणेतीन. मध्यापासून साडेसोळा सेंमीचा दांडा म्हणजे सहापट जोर. एवढ्याने जे बूच निघत नाही ते जोराने काढायचंच नसतं, प्रश्न ३ कडे परत जायचं असतं. फूटभर दांड्याने हाताला कळतच नाही की आपण किती पिळतो आहोत.

११. चावीनेच बूच घट्टही करू का?

नाही.

कारण विचारणारे फार आहेत म्हणून एक ओळ: हाताने बसवून गळत असेल तर वायसर खराब आहे किंवा उलटं बसलं आहे, आणि चावीने आवळून ते झाकलं जातं, बरं होत नाही.

१२. रोज पाचशे-सहाशे बाटल्या उघडतो. मनगटात कळा येतात, रात्री बोटं बधिर होतात. चावी बदलून फरक पडेल का?

काही प्रमाणात. पण आधी डॉक्टरांना दाखवा. अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर होणं म्हणजे मनगटातली नस दबणं असू शकतं, आणि ते अंगावर काढायचं दुखणं नाही.

कामात बदल करायचे तर पहिला बाटली धरणाऱ्या हाताचा करा. लोकांचं लक्ष पिळणाऱ्या हाताकडे असतं, पण दिवसभर आवळून थकतो तो दुसरा. टेबलाला बाटलीच्या आकाराची खाच असलेला ठोकळा बसवला की तो हात मोकळा होतो. टेबल कोपराच्या उंचीवर हवं, आमचं सिंक कंबरेच्याही खाली होतं आणि तिथे काम केलेल्या सगळ्यांची पाठ आजही बोलते. तासाभराने काम बदला, एकाने उघडावं, दुसऱ्याने भरावं.

वासी उत्तरायणच्या (संक्रांतीनंतरचा पतंगांचा दिवस) दुसऱ्या दिवशी, १६ जानेवारीला, निम्मा स्टाफ मांज्याने कापलेल्या बोटांना पट्ट्या लावून येतो. त्या दिवशी चावीशिवाय गाडी चालतच नाही. मी त्या आठवड्यात दोन जास्तीच्या काढून ठेवायचो.

१३. एक चावी सगळ्या खोल्यांना चालेल का?

चालवू नका. क्वारंटाईनमधल्या पिंजऱ्याची सूतकृमींची अंडी चावीला चिकटून स्वच्छ खोलीत जायला एक फेरी पुरते. प्रत्येक खोलीची चावी वेगळी. रंगाची पट्टी चिकटवू नका, ती सुटते आणि तिच्याखाली घाण बसते. दांड्याला खाचा पाडून घ्या: एक खाच, दोन खाचा, तीन. अंधारातही बोटाला कळतात. धुतलेल्या बाटल्यांबरोबरच चावी ऑटोक्लेव्हला टाका.

१४. चावी लावली आणि बाटलीची मान तडकली. चावीचा दोष?

बहुतेक वेळा बाटलीचा, म्हणजे तिच्या वयाचा. बाटली उजेडात धरून मान पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा, दुधाळपणा, हाताला चिकट लागणं, यातलं काही असेल तर ती आधीच संपली आहे. पॉलिकार्बोनेट वाफेने हळूहळू ठिसूळ होतं, आणि अल्कधर्मी साबण नीट धुतला न जाता ऑटोक्लेव्हमध्ये गेला तर फारच लवकर.

यात फक्त गळतीचा प्रश्न नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत पिंजरे आणि बाटल्या चुकीच्या साबणाने धुतल्या गेल्या. खराब झालेल्या प्लास्टिकमधून बिस्फेनॉल ए हे रसायन पाझरलं आणि ज्या उंदरांवर प्रयोगच चालू नव्हता, त्यांच्याही बीजांडांत गुणसूत्रांचे घोटाळे दिसू लागले. २००३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. एका धुण्याच्या चुकीतून निघालेलं संशोधन, म्हणून वॉशिंग एरियातल्या नव्या मुलांना मी ही गोष्ट सांगायचो. आपलं काम 'फक्त भांडी घासणं' नाही हे त्यांना पटायचं.

तडकलेल्या बाटलीवर चावी पुन्हा लावायची नाही. माझ्या उजव्या तळव्यावर चार टाक्यांचा व्रण आहे, तो अशाच एका 'बघू, निघतंय का'चा.

१५. साखरेचं किंवा औषध घातलेलं पाणी असेल तर?

साखर सुकली की बूच गुळाच्या पाकात बसवल्यासारखं होतं. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक कडू म्हणून त्यात साखर घालतात, तिथे हे हमखास. चावी आधी नको, कोमट पाण्यात दहा मिनिटं बूच खाली करून ठेवा. साखर विरघळते, जोर लागत नाही. प्रश्न ६ चा नियम इथे लागू नाही, कारण इथे फुगवायचं नाही, विरघळवायचं आहे.

कर्करोगाची औषधं, हॉर्मोन्स किंवा किरणोत्सारी काही घातलं असेल तर वेगळी चावी, दुहेरी हातमोजे, फ्यूम हूडच्या (वाफा ओढून घेणारं कपाट) आत. आणि अडलं तर झटापट नाही. बाटली बुचासकट त्या कचऱ्याच्या नियमाप्रमाणे टाकायची. बाटलीची किंमत तुमच्या अंगावर उडालेल्या थेंबापेक्षा कमी आहे.

आणखी एक अपवाद: पाणी किती प्यायलं हे मोजायची स्टडी असेल तर उघडण्याआधी वजन करा. अडकलेलं बूच सुटताना दोन-तीन मिलि सांडतंच, आणि दिवसाला ५ मिलि पिणाऱ्या उंदराच्या हिशेबात ते अर्धा दिवस आहे.

१६. आमच्याकडे अजून रबरी बुचं आहेत. त्यांना कोणती चावी?

कोणतीच नाही. रबर काचेला किंवा प्लास्टिकला चिकटलं की बोथट, चपटी पट्टी (आइसक्रीमची काडी चांगली) ओली करून कडेने आत सरकवा आणि सावकाश गोल फिरवा. हवा आत गेली की ते सुटतं. नळी धरून ओढलंत तर नळी हातात येते आणि बूच तिथेच राहतं. तडे गेलेलं रबर बदलाच.

१७. बूच निघालं, पुन्हा लावलं, आता बाटली ठिबकते.

चावीने कड चेपली का ते सपाट काचेवर बूच ठेवून पाहा, डुगडुगलं तर चेपली. तसं नसेल तर वायसर पाहा. दोन्ही ठीक असतील तर बाटली अर्धवट भरली आहे का? गार पाणी अर्धी बाटली भरून उबदार खोलीत लावली की आतली हवा तापून फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. काठोकाठ भरा, खोलीच्या तापमानाचं पाणी भरा. भिजलेल्या भुशावर रात्र काढलेली उंदराची पिल्लं सकाळी गारठून मेलेली मी पाहिली आहेत. बाटली लावून पाच मिनिटांनी परत एक फेरी मारायची सवय मला त्या दिवसानंतर लागली.

१८. रविवार आहे, मी एकटा आहे, चावी कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. बूच निघत नाही. काय करू?

ते बूच काढूच नका. दुसरी भरलेली बाटली लावा, थेंब येतो का पाहा, अडकलेल्या बाटलीवर मार्करने फुली मारून ती बाजूला ठेवा आणि नोंद करा. प्रत्येक खोलीत दहा बाटल्यांमागे एक जास्तीची भरलेली हवी. नसेल तर सोमवारी आधी तेवढं मागून घ्या, चावी नंतर. आणि ती चावी कपाटात नाही, सिंकच्या वर खिळ्याला.